ताईंची गोष्ट, ताईंच्याच तोंडून

परदेशातून निमंत्रण येते ते बहुधा ईमेलने, इंग्रजीत आणि संस्थेच्या पत्त्यावर. वस्तीवरच्या बायांना अक्षरओळख करून देणाऱ्या, शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा वर्गात बसवणाऱ्या ताईंच्या कानावर ते जाते तोवर त्यातले निम्मे गळून गेलेले असते. 'तुम्हाला बाहेरच्या देशात बोलावलंय, जाणार ना?' एवढाच सांगावा उरतो. त्यावर ताई भिडेखातर 'हो' म्हणतात आणि पुढच्या सगळ्या अडचणींची सुरुवात तिथेच होते. म्हणून या प्रवासात ताईंना मदत करणाऱ्या मैत्रिणींचे पहिले काम म्हणजे ते पत्र ओळ न् ओळ ताईंच्या भाषेत वाचून दाखवणे. किती मिनिटे बोलायचे, समोर कोण बसणार, विषय कोणी ठरवला, प्रवासाचा खर्च कोण करणार, मानधन आहे का, बोलणे रेकॉर्ड होणार का आणि ते नंतर कुठे वापरले जाणार, हे पत्रात नसेल तर होकार देण्याआधी विचारून घ्यावे. असे विचारणे उद्धटपणाचे नसते. चांगल्या आयोजकांकडे ही उत्तरे तयार असतात आणि ज्यांच्याकडे नसतात त्यांच्याबाबत तेव्हाच सावध झालेले बरे.

मदत दोन तऱ्हेची असते, एक आधारासोबत ताबाही घेणारी आणि दुसरी बाजूला होऊन बोलू देणारी, आणि त्यांतला फरक आपल्याच इतिहासात लख्ख दिसतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सेंट मेरीज मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, इंग्रजी शिकवले. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्याही आणि संस्कृत शिकवतही होत्या. आधार खराच होता. पण रमाबाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असे कळताच भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली, आणि त्यांनी कुठे, कोणापुढे बोलावे हे इतर ठरवू लागले. रमाबाईंनी ते ऐकले नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, वैद्यक महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांच्या बोलावण्यावरून. समारंभ ११ मार्चला झाला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' निघाले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे आणि अर्पणपत्रिका रमाबाईंच्या आईच्या नावे. बॉडलीबाई पुस्तकाच्या दारात उभ्या राहिल्या, लेखिकेची ओळख करून दिली आणि बाजूला झाल्या. त्यानंतर पानोपानी बोलतात त्या रमाबाईच.

डिसेंबर १८८७ मध्ये रमाबाईंच्या भारतातल्या नियोजित शाळेला पैसे पुरवण्यासाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांतून सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे ठरले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, ही अट देणाऱ्यांनी मान्य केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा, शारदा सदन, उघडली. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून इथल्या सल्लागार मंडळातले न्या. रानडे, डॉ. भांडारकर बाहेर पडले, तेव्हाही बोस्टनकरांनी ठरलेली मुदत पाळली. रक्कम माणशी लहान, मुदत लांब आणि अटी आधीच लिहून ठेवलेल्या, असे हे गणित होते. एका भाषणानंतर भारावून दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा ते कितीतरी टिकाऊ ठरले.

आनंदीबाईंच्या पाठीशीही अशीच एक बाई होती. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र वाचले आणि आपणहून आनंदीबाईंना लिहिले. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, त्याच्या आधी दोघींची वर्षानुवर्षे पत्रे चालू होती आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. परक्या देशात उतरताना किनाऱ्यावर आपल्या माहितीतले एक माणूस असणे, ही आजही सर्वांत मोठी सोय आहे. निमंत्रण आल्यावर आयोजकांपैकी एका व्यक्तीशी ताईंचे व्हिडिओवर दोन-तीनदा निवांत बोलणे करून द्यावे. कामाचे नको, नुसती ओळख. विमानतळावर तोच चेहरा दिसायला हवा.

आता प्रत्यक्ष गोष्टीकडे. वीस मिनिटांचे भाषण म्हटले की ताईंना वाटते वीस मिनिटे बोलायचे. पण दुभाषी वाक्यामागोमाग वाक्य सांगणार असेल तर वेळ दुभागतो. ओळख, टाळ्या, माइक इकडून तिकडे देणे यात दोन मिनिटे जातात. उरलेल्या अठराचे अर्धे, म्हणजे हातात राहतात नऊ. निवांत बोलणारे माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलते, म्हणजे जेमतेम नऊशे ते अकराशे शब्द, फुलस्केपची चारेक हस्तलिखित पाने. आयुष्यभराच्या कामातून चार पाने निवडायची आहेत. कापाकापी अटळ आहे, पण कात्री ताईंच्या हातात असावी.

लिहायला बसवले की ताई भाषण लिहितात, गोष्ट राहून जाते. 'सन्माननीय व्यासपीठ' येते, संस्थेची स्थापना येते, आभार येतात, आणि नवापैकी चार मिनिटे संपतात. त्याऐवजी त्यांच्या ओळखीच्या चार-सहा बायांमध्ये बसून त्यांना बोलू द्यावे आणि फोनवर रेकॉर्ड करावे. प्रश्न एकच विचारावा: असा एक दिवस सांगा, ज्या दिवशी हे काम सोडून द्यावेसे वाटले किंवा सोडता आले नाही. चाळीस मिनिटे बोलून होते. ते शब्दशः उतरवून काढावे, 'म्हणजे काय, ती म्हणली' यासकट. मग ताईंना वाचून दाखवत एकेका तुकड्यापाशी थांबावे: हा ठेवायचा? परक्याला हा कळेल? नऊ मिनिटांत एक माणूस, एक अडचण आणि एक बदल एवढेच मावते. बाकीचे छापील पत्रकात जाते. शेवटी हाती कागद न देता पाच कार्डे द्यावीत, प्रत्येकावर एकच शब्द किंवा चित्र. कागद हातात असला की नजर खाली जाते आणि आवाज सपाट होतो. कार्ड पाहून बोलणारी बाई रोज वर्गात बोलते तशीच बोलते.

इथे मैत्रिणींकडून एक गोष्ट हटकून बिघडते. त्या गोष्ट 'सुधारतात'. ताई म्हणतात, 'पोरगी चार दिवस आली, मग आलीच नाही, मी पण गेले नाही बघायला'. मसुद्यात होते, 'आम्ही अथक पाठपुरावा केला'. ताईंचे वाक्य खरे होते आणि त्यातली रुखरुख श्रोत्यांना कळली असती. दुसरा बिघाड याच्या उलट बाजूने येतो. आयोजकांना किंवा देणगीदारांना दुःख जास्त हवे असते: मारहाण झाली का, उपाशी राहिलात का, ते सांगा ना. ताईंना ते सांगायचे असेल तर जरूर सांगावे. पण मागणी झाली म्हणून जखम उघडी करायची नाही, हे मैत्रिणींनी आयोजकांना ताईंच्या वतीने, आधीच आणि लेखी कळवावे. व्यासपीठावर उभे राहिल्यावर नकार देणे फार जड जाते.

गोष्टीत दुसऱ्याचे आयुष्यही असते. ज्या मुलीबद्दल ताई बोलणार तिची, आणि ती लहान असेल तर तिच्या आईवडिलांचीही, परवानगी घ्यावी. परवानगी म्हणजे सही नव्हे. तुझी गोष्ट अमुक देशात इतक्या लोकांपुढे सांगणार, ती इंटरनेटवर जाईल, तुझ्या गावचे कोणीही ती फोनवर पाहू शकेल, असे समजावून सांगितल्यावर आलेला होकार. नाव बदलावे, गाव सांगू नये, आणि ओळख पटेल अशी खूणही टाळावी. गावातली एकमेव परिचारिका म्हटले की नाव बदलून उपयोग नसतो. फोटोंत मुलांचे चेहरे नकोत. पाठमोरे वर्ग, हात, वह्या, फळ्यावरचे अक्षर यांतून पुष्कळ सांगता येते. आणि ही नऊ मिनिटांची गोष्ट परदेशाआधी वस्तीत सांगावी. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना ती खटकली तर बदलायला तेव्हा वेळ असतो.

दुभाषी हा या सगळ्यातला नाजूक सांधा. भाषा येते तेवढ्यावर भागत नाही. दुभाष्याने 'मी' म्हणूनच बोलावे, 'त्या म्हणतात की' असे नाही. 'त्या म्हणतात' आले की ताई स्वतःच्याच गोष्टीत तिऱ्हाईत होतात. एका वेळी दोन-तीन वाक्ये, मग थांबायचे, ही लय दोघींनी एकत्र किमान तीनदा घोटावी. हेडफोनमधून एकाच वेळी भाषांतर होणार असेल तर दोन दुभाषी लागतात. ते वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीने बोलतात, कारण त्याहून जास्त वेळ एकट्याने केले की चुका वाढतात. अशा वेळी ताईंनी सावकाश बोलायचे, मधे थांबायचे नाही. म्हणजे सराव वेगळा, हे आधी माहीत हवे. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दुभाष्यांना गोष्टीचा मजकूर, माणसांची आणि गावांची नावे उच्चारासह, आणि योजनांच्या नावांचे दोन ओळींत स्पष्टीकरण पाठवावे.

सर्वाधिक चुका आकड्यांत होतात. ताई म्हणतात दीड लाख, बाहेर जाते पंधरा लाख. पावणेदोन, अडीचशे, साडेतीन हजार हे आकडे बोलण्याच्या ओघात हमखास घसरतात. सगळे आकडे अंकांत लिहून दुभाष्याच्या हाती द्यावेत: १,५०,००० आणि त्याशेजारी १५०,०००. स्वल्पविराम तिकडे वेगळ्या जागी पडतो. पैशांचा आकडा सांगताना नुसते रूपांतर करून चित्र उभे राहत नाही. तेवढ्यात महिन्याचे किती दिवस भागते, हे ताईंनीच सांगावे. नऊ मिनिटांत तीनांहून जास्त आकडे नसलेले बरे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी तिथेच प्रवास अडतो, तोही बहुतेकदा नावावर. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, तिसरीकडे आडनावच नाही. निमंत्रणपत्र, तिकीट, विमा, हॉटेल या सगळ्यांवर पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगने हवे. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी, व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात तीन महिने हाती ठेवावेत, कारण मुलाखतीची तारीखच लवकर मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज नाकारला जातो तो बहुतेकदा 'परत येईल कशावरून' या शंकेने. म्हणून ताई परतल्यावर कोणत्या तारखेला कोणता वर्ग घेणार याचे संस्थेचे पत्र, घरच्या जबाबदाऱ्या, आधीच्या कामाची वर्षे हे सगळे जोडावे. आणखी एक अडचण कोणी आधी सांगत नाही. कष्टाच्या कामाने बोटांची रेघ झिजलेली असते आणि व्हिसासाठी लागणारे बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे, मेंदी लावू नये, आणि केंद्रावर पुन्हा ठसे घ्यायला सांगायला संकोचू नये.

मानधन घ्यायचे असेल तर नियम आधी पाहावेत. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर व्याख्यानाचे पैसे घेता येतात, पण निमंत्रण प्रवासाआधी ठरलेले हवे आणि काम पोहोचल्यापासून तीस दिवसांत व्हायला हवे. अमेरिकेत विद्यापीठासारख्या संस्थेकडून ते घेता येते. एका ठिकाणी नऊ दिवसांपर्यंतच, आणि सहा महिन्यांत पाचांहून अधिक संस्थांकडून नाही. तिथे परदेशी वक्त्याच्या मानधनातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर कापला जातो, हे ताईंना आधी सांगावे, नाहीतर हातात कमी रक्कम पडल्यावर फसवले गेल्यासारखे वाटते. आणि रोजखर्चाचे पैसे आगाऊ, रोख मागावेत. 'आधी खर्च करा, पावत्या द्या, मग देऊ' ही पद्धत पगारदार, क्रेडिट कार्डवाल्या माणसांसाठी आहे. ताईंना त्यासाठी उसने काढावे लागते आणि त्या ते कोणाला सांगत नाहीत.

बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर येतो, म्हणून ते सिम काढून फेकू नये, रोमिंगवर निदान एसएमएस चालू ठेवावा. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव. घड्याळाचाही विचार हवा. पश्चिमेला पाच तास मागे गेल्यावर संध्याकाळी सातचा कार्यक्रम म्हणजे शरीराच्या हिशोबाने मध्यरात्र. तिथे सकाळची वेळ मागावी. पूर्वेला गेल्यास उलट, दुपारनंतरची. दोन दिवस आधी पोहोचणे ही चैन नव्हे. झोप न झालेल्या माणसाला ओळखीचा शब्दही ऐन वेळी सुचत नाही.

सभागृहात अर्धा तास आधी जावे आणि बारीकसारीक पाहावे. स्लाइडवर मराठी असेल तर तिकडच्या संगणकात तो फॉन्ट नसतो. जोडाक्षरे सुटी होतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर चढतात किंवा नुसते चौकोन दिसतात. पीडीएफ करून न्यावी, पेनड्राइव्हवर आणि ईमेलवरही. व्हिडिओ इंटरनेटवरून लावू नये, फाइल सोबत हवी. त्यावर उपशीर्षके असतील तर एका वेळी दोनच ओळी आणि इंग्रजीत ओळीला चाळीस-बेचाळीस अक्षरे, त्याहून जास्त वाचून होत नाहीत. कॉलरचा माइक साडीला नीट बसत नाही. पदर किंवा मंगळसूत्र त्यावर घासले की सभागृहभर खरखर ऐकू येते आणि त्याची बॅटरी अडकवायला कमरेला जागा नसते. पदर घट्ट पिन करून माइक ब्लाउजच्या कडेला, दागिन्यापासून दूर लावावा, नाहीतर सरळ हातातला माइक मागावा. भाषणासाठी पुढे ठेवलेला उंच पोडियम उंच माणसांसाठी असतो. त्यामागे ताईंचे कपाळच दिसणार असेल तर पोडियम बाजूला करून घ्यावा किंवा खुर्ची मागावी. दुभाषी ताईंच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे. दोघींच्या मधे कोणी नको, आणि ताई आणि श्रोते यांच्या मधेही कोणी नको.

प्रश्नोत्तरांची तयारी गोष्टीइतकीच करावी, बहुतेक जण तीच सोडतात. सरावात शक्य ते सगळे प्रश्न विचारून त्यांचे तीन गट करावेत: आनंदाने सांगेन, कोणी नीट विचारले तर सांगेन, आणि सांगणार नाही. तिसऱ्या गटासाठी ताईंचे स्वतःचे एक वाक्य ठरलेले असावे. 'ते माझ्या घरचं आहे, मी कामाबद्दल बोलते' एवढेही पुरते. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेऊन सूत्रसंचालकाने वाचले तर कडवटपणा गाळला जातो आणि दुभाष्यालाही वेळ मिळतो. मैत्रिणीसाठी इथला नियम कडक आहे: इंग्रजी येते म्हणून ताईंच्या आधी उत्तर द्यायचे नाही. ताई विचार करायला पाच सेकंद गप्प राहतात. ती शांतता परदेशात फार मोठी वाटते, आणि शेजारची मैत्रीण प्रेमापोटी ती भरून काढते. त्या क्षणापासून श्रोते मैत्रिणीकडे पाहून प्रश्न विचारू लागतात, आणि नजर पुन्हा ताईंकडे वळवणे कोणाला जमत नाही.

या सगळ्यात जे विमानात बसत नाहीत त्यांचा आधार मोजायचा राहून जातो. दहा दिवस ताईंचा वर्ग कोण घेणार? वर्ग बंद राहिला तर दोन-चार मुली गळतात, आणि गळालेली मुलगी परत आणणे नवी आणण्यापेक्षा अवघड. एखादी सहकारी आधी आठवडाभर ताईंसोबत वर्गात बसली तर मुलींना ती परकी वाटत नाही. घरी सासूबाई अंथरुणाला असतील तर त्यांच्याकडे कोण बघणार, हेही नावानिशी ठरवावे. 'आम्ही आहोत ना' हे उत्तर धरू नये. कोण, कोणत्या वारी, किती वाजता, हे कागदावर हवे. ताई व्यासपीठावर निर्धास्त उभ्या राहतात त्यामागे अशी एक यादी असते.

परतल्यावर रेकॉर्डिंगची प्रत मागवून उपशीर्षके तपासावीत, विशेषतः नावे आणि आकडे. फोटोखालच्या ओळीही पाहाव्यात. 'पीडित महिला' असे छापून येण्याआधी थांबवता येते, नंतर नाही. सभेत कोणी हातात पाकीट देऊ केले तर ते घेऊ नये. परदेशी देणगीला अनेक देशांत वेगळा कायदा असतो, भारतात २०१० चा परदेशी अंशदान नियमन कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. देणाऱ्यांना बोस्टनच्या मंडळांची रीत सांगावी: थोडे, ठरावीक आणि बरीच वर्षे. ज्यांनी पत्ते दिले असतील त्यांना पंधरा दिवसांच्या आत ताईंनी सांगितलेल्या चार ओळी, शक्य तर त्यांच्या हस्ताक्षरात आणि सोबत भाषांतर, अशा पाठवाव्यात. पुढे वर्षातून दोन पत्रे पुरतात, पण ती चुकू नयेत. ती लिहिण्यासाठी एकाच मैत्रिणीने नाव द्यावे. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की दुसऱ्या वर्षीच पत्रे थांबतात. पुढचे निमंत्रण आले की त्याला काय कळवायचे ते ताईंनी सांगावे, आणि मैत्रिणीने ते तसेच लिहावे, नकार असला तरी.